धुराचा बोळ

सरजाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते कोळशाच्या ढिगावर. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. गावाबाहेरच्या माळावर कारखान्यांसाठी जागा आखल्या होत्या आणि त्यातल्या एका जागेवर बसवंतशेठनं काचेची भट्टी घातली होती. कंदिलाच्या काचा, औषधाच्या बाटल्या असला माल व्हायचा. मी गाड्यानं कोळसा ओढायचो, ती कोळसा चाळायची. चाळणीवर राहिलेला खडा भट्टीला, खाली पडलेला भुगा बाजूला. उंच, हाडापेरानं दणकट बाई. चाळिशी ओलांडलेली. तोंडाला पदर गुंडाळून काम करायची, त्यामुळं डोळे तेवढे दिसायचे. फार बोलायची नाही, पण बोलली की समोरचा गप्प व्हायचा.

मी मडिवाळप्पा, रेणापूरकडचा. तिला मावशी म्हणायचो. भट्टीवर जे घडलं ते मी तिथं उभं राहून पाहिलंय आणि त्याच्या आधीचं तिनं स्वतः मला सांगितलंय, म्हणून लिहितो.

आधी भट्टीचं सांगायला पाहिजे. काच वितळवायला जाळ नुसता मोठा असून भागत नाही, त्याला मिळणारी हवाही तापलेली लागते. त्यासाठी भट्टीखाली जमिनीत विटांचे अरुंद बोळ काढलेले असतात. भट्टीतला धूर सरळ धुराड्यात न सोडता आधी त्या बोळांतून फिरवायचा. धुराच्या बोळाला चिकटून दुसरा बोळ असतो तो हवेचा, आणि दोन्हींच्या मधे पोकळ कौलांची पातळ भिंत. एकीकडनं धूर भिंत तापवत जातो, दुसरीकडनं थंड हवा त्याच भिंतीची धग घेत वर चढते. अशी हवा जाळाला मिळाली की थोड्या कोळशात काच पाण्यासारखी होते.

पण धुराबरोबर राख येते. ती कौलांवर बसते, बोळ तुंबतो, हवा तापेनाशी होते. मग बोळ साफ करावा लागतो. रीत अशी की भट्टी विझवायची, चांगली थंड होऊ द्यायची आणि मग माणूस आत घालायचा. पण भट्टी थंड केली की काच वितळवायची मातीची भांडी, म्हणजे मुशी, तडकतात, धंदा बसतो. म्हणून काही जण भट्टी चालू ठेवूनच साफसफाई करतात. भट्टीतला धूर जिथं बोळात शिरतो तिथं लोखंडी झडप असते. साखळी सोडली की ती खाली बसते, धूर आडवाटेनं धुराड्यात निघून जातो. भिंती जरा निवल्या की ओलं पोतं पांघरून माणूस बाहेरच्या तोंडानं आत सरपटतो. तो आत असेपर्यंत झडप खाली राहिली पाहिजे. साखळी ओढली, झडप उचलली, की भट्टीचा सगळा धूर त्याच्या अंगावर.

सरजाबाईचा नवरा पंढरी असाच गेला.

मोठ्या दुष्काळाचं साल होतं. जळकोटच्या बाजूला त्यांचं गाव. विहिरींनी तळ गाठला, जनावरं गेली, माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर गेली. पंढरी आणि सरजा खडी फोडून कंटाळली आणि लेकीला, पंचशीलाला, आजीपाशी ठेवून लातूरला आली. तिथं सिद्रामप्पा नावाच्या व्यापाऱ्याची काचेची जुनी भट्टी होती. तिच्यावर बसवंत तेव्हा मेस्त्री होता. शेठ तो फार पुढं झाला. पंढरीला त्यानं बोळ झाडायच्या कामावर घेतलं. सरजा बोळाच्या तोंडाशी बसून बाहेर येणारी राख टोपल्यात भरायची.

त्या दिवशी पंढरी आत होता. भट्टीवर काच फुंकणारे ओरडायला लागले, काच गोठायलीय, नळीला येईना. बसवंत बोळाच्या तोंडाशी आला.

"पंढरी, नीघ बाहेर."

आतून आवाज आला, "आलो मेस्त्री. थोडंच ऱ्हायलंय."

बसवंत थोडा वेळ थांबला. पुन्हा वरून कुणी ओरडलं. त्यानं साखळीला हात घातला. सरजा उठून उभी राहिली.

"मेस्त्री, आत माणूस हाय! माझा मालक आत हाय!"

बसवंतनं तिच्याकडं पाहिलं. ती मला सांगायची, "मडिवाळ, त्यानं माझ्याकडं बघितलं रे. मी काय म्हणायले ते त्याला कळलं. आन् मग त्यानं साखळी ओढली."

पंढरीला बाहेर काढलं तेव्हा ओळखू येत नव्हता. फौजदार आला. बसवंत म्हणाला, साखळी चुकून ओढली गेली, गडी पिऊन आत गेला होता. सरजा ओरडून सांगत राहिली की त्यानं ओढली, मी बघितलं. फौजदारानं ते लिहून घेतलं नाही. तक्रार असली तर उस्मानाबादला जा म्हणाला, जिल्हा तिकडं आहे. जळकोटच्या बाईला, त्या उन्हात, अंगावर एक लुगडं, उस्मानाबाद म्हणजे दुसरा मुलूखच.

मढं धुवायला पाणी नव्हतं. लातुरात तेव्हा घागरीसाठी डोकी फुटत होती. संध्याकाळी बसवंतनं माणसाकरवी भरलेली घागर पाठवली. सरजानं ती उचलली आणि दारातल्या मातीत ओतून दिली. तहानेनं जीभ बाहेर आलेल्या वस्तीतल्या बायका बघत राहिल्या, पण कुणी तिला बोललं नाही. मग त्याच बायकांनी आपल्या घरातून तांब्या तांब्या पाणी आणलं आणि त्या पाण्यानं पंढरीला आंघोळ घातली.

ती गावी परत गेली. लेक वाढवली. शेतमजुरी केली, भिंती लिंपल्या, चुली घातल्या. आणि दर बाजारी लातूरकडच्या माणसाला गाठून एकच विचारायची, बसवंत मेस्त्री कुठं असतो आता? सिद्रामप्पा वारला, जुनी भट्टी बंद पडली, तिच्यावर बाभळी उगवल्या. बसवंत इकडं तिकडं करत मोठा झाला. जिल्हा झाला त्या साली तिला कळलं की त्यानं स्वतःची भट्टी घातली.

पंचशीलाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं, उदगीरला. आई लातूरला निघाली हे कळल्यावर ती धावत आली. बापाला ती दादा म्हणायची.

"माय, कशाला जातीस? दादा काही परत यायचे न्हाईत."

"मी त्यांना आणायला न्हाई चालले," सरजाबाई म्हणाली.

बसवंत आपल्याला ओळखेल अशी तिला धास्ती होती. कामाला घेणार नाही, हाकलून देईल. म्हणून तोंडाला पदर गुंडाळून गेली. त्यानं नाव विचारलं. ती खोटं बोलली नाही. "सरजाबाई पंढरी, जळकोटची," म्हणाली. बसवंतनं मान हलवली आणि कोळशाकडं बोट दाखवलं.

त्याला काहीच आठवलं नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज बदलायचा. "भिऊन गप्प बसला असता तरी चाललं असतं. पर त्याच्या टाळक्यात मी नव्हतेच, आन् पंढरीबी नव्हता. त्या दिवशी रात्रभर मला झोप न्हाई. मनात म्हणलं, तुला आता मी आठवण करून देते."

तिनं दोन कामं केली. पहिलं, ती भुगा बाजूला काढेना. वर खडा, खाली भुगा असे गाडे भरायला लागली. मला ते दिसत होतं, गाडा मीच ओढायचो. एकदा म्हणालो, "मावशी, भुगा लई जायलाय." ती म्हणाली, "जाऊ दे. तू वढ." मी ओढला. भुग्याची राख उडते, खड्याची एवढी उडत नाही. बोळ तुंबायला लागला. काच घट्ट येऊ लागली, बाटल्यांत बुडबुडे दिसू लागले. नांदेडच्या औषधवाल्यानं अख्खी खेप परत धाडली.

दुसरं काम ती जेवणाच्या सुट्टीत करायची. एकेका गड्यापाशी जाऊन बसायची, भाकरी सोडायची आणि पंढरीचं सांगायची. रडत नव्हती, बाजारातलं काही सांगावं तसं सांगायची. शेवटी विचारायची, "तुला हा आत जा म्हणला, तर साखळी कुणाच्या हातात ऱ्हाईल? इचारून ठेव." बस, एवढंच. पण ते वाक्य माणसाच्या डोक्यात घर करायचं. पावसाळा संपता संपता भट्टीवर असा एक गडी उरला नव्हता ज्यानं त्या साखळीकडं बघत बघत आपला घास गिळला नव्हता.

दिवाळीच्या तोंडावर बसवंतशेठनं सगळ्यांना गोळा केलं. झडप सकाळीच सोडली होती.

"बोळ झाडायचाय. भट्टी विझवायला फुरसत न्हाई. कोण जातंय?"

कुणी हललं नाही. त्यानं एकेकाचं नाव घेतलं. प्रत्येकानं खाली बघितलं. मला म्हणाला, "मडिवाळ, तू?"

"न्हाई जमायचं शेठ."

"का?"

मी गाड्याची दांडी धरली. काय सांगणार?

तो शिव्या द्यायला लागला. म्हणाला, "मी तुमच्यासारखाच गडी होतो. असले बोळ लई झाडलेत. बांगड्या भरा तुम्ही!" सदरा काढला, पोतं भिजवून अंगावर घेतलं, खराटा उचलला. मग साखळीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळे त्याला ऐनवेळी नाही म्हणालेले. कोळशाच्या ढिगावर सरजाबाई उभी होती.

"ह्यांच्यातल्या एकाचाबी भरवसा न्हाई," तो म्हणाला. "बाई, इकडं ये. साखळीपाशी उभी ऱ्हा. मी बाहेर येईस्तोवर कुणाला हात लावू देऊ नको."

तो भोकातून आत सरपटला. ती साखळीपाशी गेली, तोंडावरचा पदर सोडला, साखळी आकड्यावरून काढून मनगटाला गुंडाळली. मग भोकापाशी वाकली.

"बसवंत मेस्त्री."

त्याला कित्येक वर्षांत कुणी मेस्त्री म्हटलं नव्हतं. आतला खराटा थांबला.

"कोण?"

"पंढरी आठवतो का?"

"कोण पंढरी?"

"दुष्काळात, सिद्रामप्पाच्या भट्टीवर. असाच आत होता. तू साखळी वढलीस. मी म्हणत होते आत माणूस हाय. मी त्याची बायको. आता साखळी माझ्या हातात हाय."

मग सरपटत पुढं यायचा आवाज आला. तिनं साखळी ताणली. लोखंड कुरकुरलं, आणि तो आवाज थांबला.

"बाई, थांब. थांब," आतून तो म्हणाला. आवाज फाटला होता. "कंचा पंढरी? दोघं गेले होते त्या साली. तुझा कोण? हदगावचा का?"

सरजाबाईचा हात तसाच राहिला. आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"दोघं?" ती म्हणाली.

तो बोलत सुटला. भिंतीतून यावा तसा आवाज येत होता. हदगावकडचा भीमा म्हणून एक गडी होता, पंढरीच्या आधी. आत घेरी येऊन पडला, हाक मारली तर ओ देईना. काच गोठत होती. बाहेर ओढत बसायला वेळ नव्हता, म्हणून झडप उचलली. मढं राखेच्या खड्ड्यात घातलं आणि गडी पळून गेला असं सांगितलं. दुष्काळात रोज कुणी ना कुणी पळून जात होतं, कुणी विचारलं नाही. "मालकाचा हुकूम होता बाई, मी काय करणार?" असं तो परत परत म्हणत होता.

सरजाबाईनं साखळी ओढली.

झडप वीतभर उचलली. भट्टीतून भक्कन आवाज झाला, भोकातून तापलेला झोत बाहेर आला आणि त्याच्या पाठोपाठ बसवंतची किंकाळी. आम्ही कुणी तिला धरलं नाही. धरायला पाहिजे होतं असं मला आजही वाटत नाही. आम्ही धरण्याआधी तिनंच साखळी सोडली. झडप धाडकन खाली बसली.

बसवंत कोपरांवर सरपटत बाहेर आला. भुवया जळालेल्या, कान सोललेले, हाताच्या पाठीची कातडी लोंबत होती. तिच्या पायाशी पडून राहिला. ती वाकून म्हणाली, "भीमाचं गाव कंचं? हदगावात कुठं?"

त्यानं सांगितलं.

नंतर एकदा मी विचारलं, "मावशी, सोडलीस का साखळी?" ती म्हणाली, "गाव कळलं नव्हतं. तो मेला असता तर भीमाच्या माणसांना कुणी सांगितलं असतं?"

फौजदार आला. बसवंतनं दवाखान्यातून जबाब दिला की बाईनं मला मारायचा घाट घातला होता. फौजदारानं आम्हाला विचारलं. आम्ही सगळे म्हणालो, साखळी चुकून ओढली गेली साहेब. सरजाबाईला विचारलं. ती म्हणाली, "चुकून." आयुष्यात ती बहुधा तेवढंच खोटं बोलली असेल.

त्या दिवसापासून भट्टीवर कुणी गेलं नाही. जाळ आपोआप बसला आणि सगळ्या मुशी तडकल्या.

सरजाबाई एसटीनं हदगावला गेली. मी बरोबर गेलो, कारण तिला तिकडचं काही ठाऊक नव्हतं. कापूस वेचायचे दिवस होते. भीमाची बायको धुरपताबाई एका वावरात सापडली. वाळलेली, चिडकी बाई, कपाळाला ठसठशीत कुंकू. सरजाबाईनं बांधावर बसून तिला सगळं सांगितलं. ती ओटीतला कापूस धरून उभ्यानं ऐकत होती.

मग म्हणाली, "मी त्याला शिव्या देऊन राहिले इतकी वर्षं. रोज सकाळी उठून. कंच्या रांडेपाशी गेलास म्हणून." ओटीतला कापूस खाली पडला. "सासूला म्हणलं तुमच्या पोरानं तोंड काळं केलं. ती त्याच दुःखानं मेली."

सरजाबाईनं वाकून तो कापूस गोळा केला.

"तो जिता हाय का?" धुरपताबाईनं विचारलं. "तो मेस्त्री."

"हाय."

"साखळी तुझ्या हातात होती?"

"हाव."

धुरपताबाईनं तिच्या थोबाडीत मारली. "मग तो जिता कसा?"

मी मधे पडणार होतो, पण सरजाबाईनं हातानं मला थांबवलं. गालावर बोटं उमटली होती. ती म्हणाली, "चल. तुझ्या वाट्याचा ठेवलाय."

दोघी लातूरला आल्या. आता उस्मानाबादला जायचं कारण नव्हतं. कलेक्टर कचेरी लातुरातच होती, भाड्याच्या इमारतीत, पाटीचा रंगसुद्धा ओला. त्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. शिपायानं उठवलं की पलीकडं बसायच्या, शिपाई वळला की पुन्हा पायरीवर. येणाऱ्या जाणाऱ्याला धुरपताबाई मोठ्यानं सांगायची, "माझा नवरा राखेच्या खड्ड्यात पुरलाय, उकरून द्या." शेवटी नव्या साहेबांना ते ऐकवेना. पोलीस घेऊन सिद्रामप्पाच्या जुन्या भट्टीवर गेले, बाभळी तोडल्या, खड्डा उकरला. हाडं निघाली. आम्ही सगळ्या गड्यांनी बसवंतचं बोलणं ऐकलं होतं, आता ते खरंखरं सांगितलं. त्याला आत घातलं.

खटला उभा राहिला. बसवंत जामिनावर सुटला, पण लातुरात राहू शकला नाही. पोरंसुद्धा त्याच्या दारावरनं जाताना भीमा, भीमा करून ओरडायची. तो गुलबर्ग्याला मेव्हण्याकडं गेला आणि तारखेला तेवढा येई. प्रत्येक तारखेला ह्या दोघी आधी येऊन बसलेल्या असत, अगदी त्याच्या समोर. बोलायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. वकील कंटाळले, साक्षीदार बदलले, न्यायाधीश बदलून गेले, ह्या दोघी बदलल्या नाहीत. एकदा तो आवारातच धुरपताबाईच्या पाया पडायला वाकला. सोललेल्या हातांचे व्रण पांढरे पडले होते. तिनं पाय मागं घेतले आणि म्हणाली, "पुढच्या तारखेला ये."

निकाल लागायच्या आत तो मेला. झोपेत गेला म्हणे. ही बातमी मी सरजाबाईला सांगितली तेव्हा तिनं हातातलं भाकरीचं पीठ परातीत आपटलं. "झोपेत?" म्हणाली. "झोपेत कसा?" दोन दिवस जेवली नाही. धुरपताबाईला निरोप धाडला, तर ती हदगावहून आली आणि दोघी मिळून त्याला शिव्या देत बसल्या. धुरपताबाईनं त्या दिवशी कुंकू पुसलं. म्हणाली, तो जिता असेपर्यंत पुसायचं नव्हतं मला.

त्यानंतर महिनाभरानं सरजाबाईच्या दारात एक बाई आली. कपाळाला विभूती, अंगावर धुवट पांढरं लुगडं. मी आणि माहेरी आलेली पंचशीला तिथंच होतो.

"मी शिवकांता," ती म्हणाली. "बसवंतरावांची बायको. त्यांनी मला कधी काही सांगितलं न्हाई. म्हणायचे, लोकं जळतात माझ्यावर, खोटं कुभांड हाय. मला एकदा तुमच्या तोंडनं ऐकायचंय, खरं काय झालं ते."

पंचशीलानं आईच्या दंडाला हात लावला. "माय, जाऊ दे. म्हाताऱ्या हायेत त्या. ह्यांचा काय गुन्हा?"

सरजाबाईनं तिचा हात बाजूला केला. घोंगडं अंथरलं, शिवकांताला बसवलं, तांब्याभर पाणी पुढं ठेवलं आणि समोर बसून सांगायला लागली. खडी फोडण्यापासून सांगितलं. बसवंतनं तिच्याकडं कसं बघितलं ते सांगितलं. पंढरीला बाहेर ओढताना हातात काय आलं, हे तिनं मलासुद्धा सांगितलं नव्हतं, ते तिनं त्या बाईला सांगितलं. शिवकांतानं दोनदा "पुरे" म्हटलं. सरजाबाई थांबली नाही. भीमाचं सांगितलं, धुरपताच्या सासूचं सांगितलं, बोळात बसवंत कसा ओरडला ते त्याच्याच आवाजात करून दाखवलं.

सगळं संपल्यावर शिवकांता भिंतीला धरून उठली. पाण्याला तिनं हात लावला नव्हता. उंबऱ्यापाशी चप्पल तिच्या पायात शिरेना, तेव्हा पंचशीलानं वाकून ती सरळ करून दिली आणि तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेली.

सरजाबाई जागची उठली नाही. मला म्हणाली, "मडिवाळ, तो तांब्या आण इकडं. बोलून बोलून घसा कोरडा पडलाय."